मुक्कामापुरता साबण

लोटनआबा मुंबईहून परत आले ते बॅगेत बावीस बाटल्या घेऊन. पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते. मुलीकडच्यांनी समुद्राजवळच्या मोठ्या हॉटेलात उतरवलं होतं, आणि आबांनी तिथल्या न्हाणीघरात दिसेल ती बाटली उचलली होती. उचलली की दुसऱ्या दिवशी नवी ठेवतात, हा शोध त्यांना पहिल्याच सकाळी लागला होता. करंगळीएवढ्या त्या बाटल्या त्यांनी जळगावला आल्या आल्या आपल्या लॉजच्या काउंटरवर ओळीनं मांडल्या आणि प्रमिलाबाईंना हाक मारली.

"बघा बाई, याला म्हणतात सोय. आपण काय देतो पाहुण्याला? एक बादली, एक मग, आणि मागितलाच तर साबणाचा तुकडा."

स्टेशनजवळच्या त्या 'विश्रांती' लॉजमध्ये प्रमिलाबाई अकरा वर्षं खोल्यांचं बघत होत्या. चोवीस खोल्यांपैकी कुठला नळ कुठल्या बाजूला पिळला की गळायचा थांबतो, हे मालक असून आबांना माहीत नव्हतं, प्रमिलाबाईंना होतं. त्यांनी एक बाटली उचलून उलटसुलट केली आणि विचारलं, "आबा, संपल्यावर ही टाकायची कुठे?"

"टाकायची म्हणजे? टाकायची!" आबा म्हणाले. विषय संपला.

पंधरा दिवसांत एक एजंट खोकी घेऊन आला. शाम्पूच्या पुड्या, तेलाच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या डबीत साबण, प्लॅस्टिकच्या पिशवीत कंगवा. हे १९९३ साल. शाम्पूची पुडी तेव्हा गावागावांत पोचली होती, पण लॉजमध्ये न मागता मिळणं नवलाईचं होतं. पाहुणे खूश झाले. आबा त्याहून खूश. कोणी खोली बघायला आलं की आबा आधी पलंग दाखवायचे सोडून मोरी दाखवायला लागले.

होळीच्या सुमाराला मात्र मोरीनंच आबांना तोंड दाखवलं. चोपड्याहून आलेलं लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं, आणि सकाळी आठाच्या ठोक्याला, सगळे एकदम आंघोळीला बसलेले असताना, खालच्या मजल्यावरच्या सहाही मोऱ्या तुंबल्या. फेसाळ पाणी खोलीतून व्हरांड्यात आलं, व्हरांड्यातून जिन्याशी आलं. नवरदेवाचे मामा पायातल्या नव्या मोजड्या हातात धरून खुर्चीवर उभे राहिले आणि तिथूनच आबांना हाका मारू लागले.

प्लंबर दुपारशिवाय येणार नव्हता. प्रमिलाबाईंनी पदर खोचला, मागच्या बोळात जाऊन चेंबरचं झाकण सरकवलं, तार वाकवून आत घातली आणि कोपरापर्यंत हात बुडवून ओढायला लागल्या. पुड्या. एकीत एक अडकलेल्या, केसांनी बांधल्यासारख्या झालेल्या, गुळगुळीत पुड्या. टोपणं, कंगव्याच्या पिशव्या, पुन्हा पुड्या. दोन बादल्या भरल्या, तेव्हा कुठे पाण्यानं एकदा घुर्र केलं आणि वाट धरली.

त्या दोन्ही बादल्या त्यांनी तशाच काउंटरसमोर आणून ठेवल्या.

"ही बघा सोय," त्या म्हणाल्या.

आबा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मग काय करू? पाहुण्याला राख देऊ अंग घासायला?"

"राख नको. पण ज्याचं मागे काही उरत नाही असं काहीतरी द्या. मी महिन्याभरात आणून दाखवते. नाही जमलं तर पुढच्या वेळी ती तार तुम्ही घाला."

बोलून गेल्या खऱ्या, आणि मग जिन्यात बसून त्यांनी स्वतःलाच विचारलं, की आणणार कुठून? दोन दिवस तोच घोर. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्यांना मावशी आठवली.

झुंबरबाई मावशी सोनगीरला राहायची. सातआठ वर्षांपूर्वी कुठल्याशा ग्रामोद्योगाच्या शिबिरात ती मोहाच्या तेलाचा साबण करायला शिकली होती, आणि शिबिरातल्या बाकीच्या बायकांनी कधीच सोडून दिलं तरी ही करत होती. सातपुड्याच्या पायथ्याची जमना मोहाच्या बियांचं तेल आणून द्यायची. मावशी कॉस्टिक सोडा विरघळवून, तेल घोटून, लाकडी साच्यात साबण ओतायची आणि बाजाराच्या दिवशी विकायची. नातेवाइकांत तिच्या साबणाची थट्टाच व्हायची. प्रमिलाबाईंनीही केली होती.

रविवारी त्या पारोळा, धुळे करत एस.टी.नं सोनगीरला पोचल्या. मावशी ओसरीत लाकडी दांड्यानं घमेल्यातलं तेल घोटत बसली होती. सगळं ऐकून घेतलं तरी हात थांबवला नाही.

"इतला लोके रोज न्हातस तुना लॉजमा?" तिनं विचारलं.

"रोज. आणि डोक्यालाही पाहिजे मावशी. शाम्पूच्या जागी."

"मंग शिकेकाई नि रिठाना काढा टाकू पानीना जागावर. वडी व्हई जाई. पन साबन शे हाऊ, भाकर नही. आज थापी नि आज खादी, आसं व्हत नही. महिनाभर सुकाडनं पडस."

"पंधरा दिवसांत नाही का होणार?"

मावशीनं त्यांना घमेल्याजवळ बोलावलं आणि कालच ओतलेल्या साबणाचा तुकडा त्यांच्या मनगटावर घासला. पाचव्या मिनिटाला मनगट चुरचुरायला लागलं.

"तुना आबाले सांग," मावशी पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "महिना म्हंजे महिना."

महिना झाल्यावर पहिली खेप आली. अंगाच्या साबणाच्या पिवळसर वड्या आणि केसांच्या तपकिरी. केसांची वडी प्रमिलाबाईंनी आधी स्वतः वापरली. केस स्वच्छ झाले, पण वाळल्यावर असे राठ की फणी अर्ध्यातच अडली. मावशीला निरोप गेला, मावशीनं पुढच्या घाण्यात एरंडेल वाढवलं, आणि आणखी एक महिना गेला. तोपर्यंत आबा रोज विचारायचे, "काय बाई, अजून वाळतंच आहे का?" दरम्यान मोऱ्या आणखी दोनदा तुंबल्या, म्हणून तरी ते थांबले.

वडी आली तशी ती बांधायची कशात, हा प्रश्न आला. प्लॅस्टिक नको, आणि कागद ओला झाला की चिकटतो. प्रमिलाबाईंचं माहेर नशिराबादचं, भावाची केळी. केळीच्या खोडाची वाळकी सोपटं त्यांनी पोतंभर आणली, ओली करून पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येक वडीला गुंडाळून वर सुताचा दोरा बांधला. मोठं देखणं काम झालं. तासभर त्या नुसत्या बघत बसल्या. मोरीत ठेवायला जीव होईना, म्हणून वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांत त्यांनी पाण्याच्या तांब्याशेजारी, टेबलावर, बशीत त्या वड्या मांडल्या.

चारांपैकी एका खोलीत रामसजीवनबाबू उतरले होते. कानपूरचे केळ्यांचे व्यापारी, पन्नाशी ओलांडलेले, बारा वर्षांचं गिऱ्हाईक. त्या दिवशी सर्दीनं त्यांचं नाक बंद होतं. दुपारी चार वाजता चहा मागवला. बशीत सोपटात बांधलेलं काहीतरी दिसलं. उघडलं तर तपकिरी, गुळगुळीत, थेट गुळपापडी. लोटनभाईंनी आठवणीनं ठेवली, असं समजून त्यांनी अर्धी वडी तोंडात टाकली आणि वरून चहाचा घोट घेतला.

गरम चहानं रिठ्याचं जे व्हायचं ते झालं. प्रमिलाबाई आरडाओरडा ऐकून धावत वर गेल्या तेव्हा बाबू व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभे होते आणि मिशांवरून फेस खाली ओघळत होता. बोलायला तोंड उघडलं की एक फुगा यायचा. प्रमिलाबाईंनी चुळा भरायला पाणी दिलं, ताक आणलं, पाठीवरून हात फिरवला. मनातून त्यांना भयंकर हसू येत होतं आणि त्याहून भयंकर भीती वाटत होती.

घसा मोकळा झाल्यावर बाबू एकच वाक्य बोलले. "बारह साल में पहली बार कुछ खिलाया, और वो भी साबुन!" मग सामान उचललं आणि ते समोरच्या लॉजवर गेले.

"उद्यापासून पुड्या," आबा म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

प्रमिलाबाई रात्रभर तळमळल्या नाहीत. थकलेल्या होत्या, झोपल्या. पण सकाळी कामावर जाताना त्यांचे पाय आपसूक समोरच्या लॉजकडे वळले. बाबू बाकावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी बघितलं आणि पेपर वर केला.

"बाबूजी, माफी मागायला आले," त्या पेपरला म्हणाल्या. "वडी वाईट नव्हती. पण ती काय आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, ती चूक माझी."

पेपर जरा खाली आला. इतकी वर्षं जळगावला येऊन बाबूंना मराठी चांगलं समजायचं.

"एक बात बताओ. साबुन था, तो मिठाई की तरह सजाया क्यों?"

खरं सांगायचं तर प्रमिलाबाई बांधणीच्या प्रेमात पडल्या होत्या.

"मैं केले का धंधा करता हूँ," बाबू म्हणाले. "माल अच्छा हो तो खुला दिखाओ. आदमी देखे, सूँघे, पूछे." मग नाक पुसत, "मेरी नाक बंद थी, वो मेरी गलती."

एवढंच. परत 'विश्रांती'त यायचं त्यांनी कबूल केलं नाही. पण लॉजकडे चालत येताना प्रमिलाबाईंच्या डोक्यात ते 'खुला दिखाओ' घोळत राहिलं. सोपटं गेली, दोरे गेले, सगळं गेलं तरी चालेल. वड्या तरी कशाला कापायच्या आधी? एकदोन दिवसांच्या पाहुण्याला अख्खी वडी लागते कुठे? उरलेली फेकूनच द्यावी लागणार.

मावशीच्या खेपेबरोबर साच्यातून निघाले तसेच आलेले, न कापलेले साबणाचे दोन अख्खे पाट त्यांनी काउंटरवर आणून ठेवले. एक पिवळा, एक तपकिरी. शेजारी मावशीनं साबण कापायला दिलेली, दोन्हीकडे लाकडी मूठ असलेली तार.

"आबा, एकच दिवस. एकच. मग आणा पुड्या."

"आता हे काय?"

"पाहुणा आला की विचारायचं, मुक्काम किती? तेवढाच तुकडा कापून हातात द्यायचा. हा अंगाला, हा केसांना, आणि हा खायचा नाही, असं तोंडानं सांगून."

आबांनी संशयानं तार हातात घेतली. पहिला पाहुणा आला तो अकोल्याचा औषध कंपनीचा माणूस. "मुक्काम?" आबांनी विचारलं. "दोन दिवस." आबांनी तार लावली, दाबली, आणि लोण्यातून जावी तशी ती पाटातून गेली. तुकडा सुटून हातात आला. आबांचा चेहराच बदलला. त्यांनी तो तुकडा त्या माणसाच्या नाकाशी धरला.

"मोहाचं तेल आहे साहेब. सातपुड्याचं. आणि हा शिकेकाईचा. खायचा नाही हं! एकानं खाल्ला, कानपूरपर्यंत फेस गेला."

माणूस इतका हसला की त्यानं तिथेच उभं राहून सगळी हकीकत ऐकली. आबांनी ती रंगवून सांगितली, त्यात फुग्यांची संख्या वाढवली, आणि संध्याकाळपर्यंत ती हकीकत नऊ वेळा सांगून झाली. दुसऱ्या दिवशी पुड्यांचं नाव कोणी काढलं नाही. उलट तार दुसऱ्या कोणी धरलेली आबांना खपेना.

सगळ्यांना ते आवडलं असं नाही. एका इंदूरच्या बाईंनी तुकडा परत केला आणि नाक्यावरच्या दुकानातून पुडी आणवली. काहींना वास उग्र वाटला. पण बोळातलं झाकण पावसाळा संपेपर्यंत उघडावं लागलं नाही, आणि दिवाळीच्या आधी रामसजीवनबाबू बॅग घेऊन काउंटरवर येऊन उभे राहिले. "चार दिन," ते म्हणाले. आबांनी त्यांना आठ दिवसांएवढा तुकडा कापला. ती हकीकत मात्र त्या दिवशी सांगितली नाही.

त्यानंतर धुळ्याच्या एका लॉजचे मालक, चुडामण नाना, मुद्दाम बघायला आले. दोन कप चहा होईपर्यंत आबांची तार बघत बसले आणि जाताना म्हणाले, "आमच्याकडेही करू या. पण माणसांना शिकवायला या बाई पाठवा."

सोनगीरला मावशीला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "दोन लॉज? मी एकली काय काय घोटू?" मग शेजारच्या दोघींना हाताशी घेतलं, जमनाला जास्तीचं तेल सांगितलं, आणि नानांच्या माणसालाही महिना म्हंजे महिना हेच ऐकवून वाटेला लावलं.

डिसेंबरात प्रमिलाबाई दोन दिवसांसाठी धुळ्याला गेल्या. सकाळभर त्यांनी तिथल्या बायकांना पाट कसा ठेवायचा, ओला तुकडा कशावर निथळायचा, पाहुण्याला काय सांगायचं ते दाखवलं. दुपारी नाना म्हणाले, "तुमची खोली वर आहे, पाच नंबर. आराम करा."

खोली. प्रमिलाबाईंच्या ते लक्षातच आलं नव्हतं. अकरा वर्षांत हजारो खोल्या झाडल्या होत्या, पण लॉजच्या खोलीत पाहुणी म्हणून त्या कधी शिरल्या नव्हत्या. दार लोटून त्या आत उभ्या राहिल्या. चादर ताणलेली, उशी फुगलेली, खिडकीतून ऊन. हात सवयीनं चादरीचा कोपरा नीट करायला गेला, तो त्यांनी मागे घेतला. मोरीत गरम पाण्याची बादली वाफाळत होती. त्यांनी दोन्ही तुकड्यांनी सावकाश, डोक्यावरून आंघोळ केली. घाई कोणाला नव्हती.

बाहेर येऊन, केस मोकळे सोडून त्या पलंगावर बसल्या. भिंतीवर घंटीचं पांढरं बटण होतं. त्यांनी ते एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि दाबलं. जिन्यात पावलं वाजायला लागली तशी त्या मनातल्या मनात घाईनं ठरवू लागल्या, की आता चहाच मागावा की सोबत भजीही सांगावीत.