काकावर गेलेला

शिवणकामाच्या त्या दुकानात आईचा शब्द म्हणजे कातर. एकदा चालली की चालली, कापड पुन्हा अखंड होत नाही. साठी गाठली तरी नवा तागा आला की ती तो स्वतः उजेडात धरायची, विणीतला तुटका धागा बोटानंच हुडकायची आणि व्यापाऱ्याला सुनावायची, "डागी माल माझ्या दारात नको. घेऊन जा, तुमच्या सासूला शिवा." दुसरीतच शाळा सुटलेली, पण नजर अशी की चार बुकं शिकलेल्यानं पाणी भरावं.

थोरला मुलगा गिऱ्हाइकं सांभाळायचा, सून काज-बटणं करायची आणि कटिंगच्या टेबलाशी उभा असायचा धाकटा. तो जन्मापासून बहिरा. ओठांवरून बोलणं वाचायचा, हातांनी बोलायचा आणि अगदीच अडलं तर शिंप्याच्या खडूनं टेबलावर लिहायचा. आईला राहिलेली अक्षरं त्यानंच शिकवली होती, चौदा वर्षांचा असताना, याच टेबलावर. त्याच्या हातचा कोट घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ दिसायचा.

घरात एक रीत होती, आईनंच घातलेली. धाकट्याला कळू नये असं काही बोलायचं असेल, तर त्याच्याकडे पाठ करायची. तोंड दिसलं नाही म्हणजे झालं. त्याला बघून स्थळं परत गेली, त्याची बोलणी पाठ करून झाली. "माझ्यामागे याचं कसं होईल," हे रडणंही पाठ करूनच. लेकराला लागू नये म्हणून. थोरला एकदा हसून म्हणालाही होता, "लोक पाठीमागे निंदा करतात, आपण पाठ करून माया करतो."

या थोरल्याला लग्नानंतर चौदा वर्षं मूल नव्हतं. शेवटी दवाखान्यात, काचेत गर्भ तयार करायचं ठरलं. तिथं रक्त तपासलं तेव्हा कळलं, की बहिरेपणाचा तो अंश थोरल्यातही लपलेला आहे आणि नशिबानं नेमका सुनेतही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजी नको, हल्ली गर्भ पोटात ठेवायच्या आधीच तपासता येतो. त्यांनी कागदावर पाच गोल काढले.

"बटणं काढताय की नातवंडं?" आईनं विचारलं. सगळे हसले.

पाचातले दोनच टिकले. एक निर्दोष. दुसऱ्याला तोच बहिरेपणा, धाकट्याचा.

"मग विचारायचं काय त्यात? चांगलं ते घ्या," आई म्हणाली. त्या खोलीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

निर्दोष होता तो ठेवला. तो रुजला नाही. उरला तो दुसरा, दवाखान्यातल्या थंडगार पेटीत. आता पुन्हा पहिल्यापासून नवे गर्भ तयार करण्याइतकी ताकद सुनेच्या अंगात नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं.

शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, धाकटा तेवढा टेबलाशी होता. सून हातात कागद घेऊन आली.

"आई, सोमवारी फॉर्म द्यायचाय. ठेवायचा की टाकायचा ते लिहून."

आईनं सवयीनं टेबलाकडे पाठ केली. सुनेलाही खांद्याला धरून वळवलं. समोर गिऱ्हाइकांसाठीचा तीन पानी आरसा होता.

"तुमचं काय म्हणणं?"

"हे म्हणतात, आईला विचार. मला वाटतं, ठेवावा. काकावर गेलाय, एवढंच ना?"

"काकावर गेलाय म्हणूनच नको."

"आई, भावजींचं काय अडलंय? अख्खं गाव त्यांच्याकडे कपडे शिवतं."

"तुला आयता घडलेला काका मिळाला, बाई. घडताना तू कुठं होतीस? पाच वर्षांचा होता. रस्त्यात उतरला. ट्रकवाला हॉर्न मारतोय, मी इकडून गळा फाडतेय, आणि हा हसत हसत पुढं पाऊल टाकतोय. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून आज ती कातर चालतेय. एकदा सोसलं. त्याच्यासारखं दुसरं नको या घरात. माझी शपथ आहे."

सुनेनं कागदाची घडी घातली. चौदा वर्षांत तिनं सासूची शपथ मोडली नव्हती.

सोमवारी नवरा-बायको 'टाकायचा' असं लिहून फॉर्म देऊन आले. थोरला गल्ल्यामागे बसून राहिला. सून कुणाकडे न बघता बटणांचा डबा घेऊन कोपऱ्यात गेली. धाकट्यानं कातर ठेवली, तिला पाण्याचा पेला नेऊन दिला आणि तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला.

आई चमकली. याला कुणी सांगितलं? तिनं हातानं विचारलं.

धाकट्यानं कातरीचं टोक आरशाकडे केलं.

आईनं वळून पाहिलं. मधल्या पानात सगळं होतं. टेबल, खडू, आणि त्याचा चेहरा, तिच्या ओठांवर नजर लावलेला. अकरा वर्षं तो आरसा तिथं होता. कोणती मुलगी काय बोलून गेली, आपण कधी काय रडलो, सगळं तिनं त्याच आरशासमोर उभं राहून, त्याच्याकडे पाठ करून बोललेलं.

ती टेबलाशी आली. धाकट्यानं खडूनं लिहिलं. ती एकेक अक्षर लावत वाचू लागली.

'तुझं बरोबर आहे. ट्रक मलाही आठवतो.'

त्यानं तळव्यानं ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

'माझ्या वेळी तपासता आलं असतं तर?'

गिऱ्हाइकाला तोंडावर "हा रंग तुम्हाला शोभत नाही" सांगणारी ही बाई. थाप मारणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि मारली तर हा ती ओठांवर वाचणार. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, कडेवर थोरला होता. कुणी दोन गोल काढून दाखवले असते तर ती काय म्हणाली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं हात वर केला, तो तसाच खाली आला. आणि जन्माच्या सवयीनं तिनं पाठ फिरवली.

फिरवल्यावर समोर आरसा. आता तिथूनही सुटका नव्हती. तिनं मान वर केली.

धाकट्यानं डोळे मिटून घेतले होते. दोन्ही तळवे त्या अक्षरांवर दाबून, पापण्या घट्ट आवळून उभा होता. आयुष्यभर त्यानं दिसेल ते तोंड वाचलं होतं. हे एक त्याला वाचायचं नव्हतं.

"नसतं घेतलं रे," आई म्हणाली. "तेव्हा नसतंच घेतलं तुला. आणि मग तू मला मिळाला कुठून असतास?"

कोपऱ्यात सुनेची सुई थांबली.

आई वळली. त्याचे डोळे अजून मिटलेलेच. त्याला हलवायचा तिला धीर झाला नाही. तिनं टेबलावरचा खडू उचलला. अक्षरं त्यानंच शिकवलेली होती. पहिलं कुठलं लिहायचं, ते तिला सुचेना.