बंडूच्या खाऊवर तगलेलं महाळुंग

मी एक जुनं महाळुंगाचं झाड आहे. मित्रांनो, २०२२ साली मी मेलो, असं रोह्याजवळच्या वरसे गावात सगळे सांगत होते. मला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

या घराचे मालक निसीमदादांनी मला बी पेरून लावलं. मुद्दाम बी पेरलं, कारण ज्यू लोकांच्या मांडवाच्या सणाला, सुक्कोथला, हातात धरायचं महाळुंग कलमी झाडाचं चालत नाही. फळाचं टोक मोडलं तरी ते सणाला बाद. म्हणून माझी फळं केळीच्या पानात गुंडाळून एसटीने पेणच्या सिनेगॉगपर्यंत, ज्यूंच्या प्रार्थनाघरापर्यंत, जायची. काय मान होता माझा! मग गावातलं ज्यूंचं एकेक घर इस्रायलला गेलं. निसीमदादांची सून मिरियम तेवढी मागे राहिली. मीही फळ धरायचं सोडलं. पानं पिवळी पडली, फांद्या वाळल्या.

मिरियमचा पुतण्या नथानियल कंपनीतून शिफ्ट करून आला की गाडी लावायला जागा शोधायचा.

"काकी, हे लाकूड काढू या. गाडी राहील इथे."

"लाकूड नाय ते. झाड हाय."

"मग नर्सरीवाल्या हरेशकडून त्यावर लिंबाचं कलम तरी बांधून घे."

"आणि त्याचं फळ सणाला हातात धरशील?"

नथानियलने माझी एक वाळकी फांदी मोडली. मग म्हणाला, "येत्या सणाला फळ नाही आलं, तर मी कापणार."

"बरं," मिरियम म्हणाली. माझ्या जिवाचा निकाल माझ्यासमोरच लागला.

त्याच हिवाळ्यात तिचा कुत्रा बंडू गेला. तो माझ्याच सावलीत निजायचा. त्याच्या खाऊची मोठी पिशवी उरली. पाण्याच्या पिंपाशी राहून ती सादळली, तिला बुरशी आली. दुसऱ्या कुत्र्यालाही घालण्याजोगी राहिली नाही. एका दुपारी मिरियमने तिच्यातला थोडा खाऊ खत म्हणून माझ्या बुंध्याशी पसरला.

शेजारची पुतळी, वडखळकडच्या मिठागरवाल्यांची लेक, कुंपणावरून हसली. "गो मिरियम, झाडाला कुत्र्याची बिस्किटं? उद्या भुंकायला लागला म्हंजे?"

"भुंकू दे. राखण तरी करील."

संध्याकाळी गल्लीतली झाडून सगळी कुत्री आली आणि त्यांनी माझी मुळं उकरून उघडी पाडली. ते बघून नथानियलने कोयता आणला. मिरियम मध्ये उभी राहिली.

"सण आला काय? नाय ना? मग ठेव तो खाली."

दुसऱ्या दिवशी तिने राहिलेला खाऊ भिजवून लगदा केला, त्यात पालापाचोळा कालवला. बुंध्यापासून लांब खोल चर खणून तो पुरला. वर माती लोटली, मातीवर कडप्प्याच्या लाद्या ठेवल्या. लाद्या उचलायला पुतळीच आली, नाकाला पदर लावून.

"काकी, त्यात कोंबडी असते," नथानियल म्हणाला. "सणाच्या झाडाला चालतं?"

"शेणखतावरचा भात जेवतोस ना? तो कधी हंबरला?"

मित्रांनो, खरं सांगतो, मला ते आवडलं. जसजसं ते जमिनीत कुजत गेलं, तसतशी मला भूक लागत गेली. उन्हाळ्यात पालवी फुटली, जांभळट कळ्या आल्या. पावसाने जवळजवळ सगळी फुलं झडली. एक फळ मी घट्ट धरून ठेवलं. वारा आला, वानरं आली, मी सोडलं नाही. मला लाकूड म्हणाले होते!

सणाच्या आदल्या दिवशी ते फळ नथानियलनेच काढलं, कात्रीने, टोकाखाली तळहात धरून. कोयत्याचं नाव कुणी घेतलं नाही.

पुतळी आता पेणला लेकीकडे असते. माझ्या बियांची दोन रोपं तिने नेली आणि त्यांच्या मुळाशीही कुत्र्याचा खाऊ पुरून तिथल्या शेजारणींचं हसणं ती ऐकून घेते. हरेश अजूनही कुंपणाशी थांबून कलमाचं विचारतो. मिरियम गेल्या वर्षी गेली, इस्रायलला नव्हे, इथल्याच मातीत. नथानियलची गाडी रस्त्यावर उन्हात उभी असते.

मित्रांनो, एखादं झाड वाळलं म्हणून कोयता शोधू नका. आधी त्याच्या मुळाशी काय आहे, ते बघा.

दर हिवाळ्यात नथानियल दुकानात जाऊन कुत्र्याच्या खाऊची मुदत संपलेली पिशवी मागतो. दुकानदार काळजीने विचारतो, "साहेब, कुत्र्याला बाधेल हो. कुठल्या जातीचा आहे तुमचा?"

"काकीचा आहे," तो सांगतो. "म्हातारा झालाय, पण जागा सोडत नाही."