पोत्यात कुणाचं मीठ?

“यापुढे या घरात अन्यायाचा कणसुद्धा शिजणार नाही!” निवृत्त टपाल कारकून प्यो गी-दोंग यांनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

“शिजवायचं नाहीच आहे. खारवायचंय,” आतून त्यांची बायको म्योंग-ओक म्हणाली. “मीठ आणा आधी.”

न्हाणीघरात कोबीचे उभे चिरलेले गड्डे कंबरेएवढे रचले होते. कोबी आज मिठात पडला नाही, तर उद्या मसाला कशात भरणार? एरवी एखाद्या दिवसाने काही बिघडलं नसतं. पण म्योंग-ओकची थोरली बहीण परवा वृद्धाश्रमात जाणार होती. तिथे किमची, हे कोबीचं तिखट लोणचं, ताटात वाढतात, पण घालू देत नाहीत.

“ताईच्या हातची ही शेवटची,” म्योंग-ओक हळूच म्हणाली. “अहो, दुकानात पुराण लावू नका.”

पण सकाळीच गी-दोंगांनी एक बातमी वाचली होती. कुठल्याशा मिठागरावर एका माणसाला वर्षानुवर्षं बिनपगारी राबवलं. सुटका झाल्यावर कुणी नाव विचारलं, तर त्याने आधी वळून मालकाकडे पाहिलं. ते वळून पाहणं गी-दोंगांच्या मानगुटीवर बसलं होतं.

दुकानात त्यांनी फोन काढला. ‘प्रामाणिक मीठ’ शोधलं, तर रक्तदाबाचा सल्ला आला. ‘मजुरांना पगार देणारं मीठ’ शोधलं, तर मिठागरावरच्या नोकऱ्या आल्या. एका पोत्यावर हसरा शेतकरी होता. त्याचा फोटो शोधला, तर तोच गृहस्थ लसणाच्या पाकिटावरही तितकाच हसत होता.

“आजोबा, जरा सरकता का?” दुकानातली मुलगी म्हणाली.

“काका म्हण. हे मीठ कुठून येतं?”

“गोदामातून.”

“आणि गोदामात?”

“ट्रकमधून.”

शेवटी त्यांनी एका पोत्यावरचा नंबर फिरवला. घोगरा आवाज आला.

“तुमच्याकडे मजुरांना पगार वेळेवर मिळतो का?”

“मजूर? मी आणि बायको, दोघंच राबतो. ती मागतेय पगार, बघू.”

गी-दोंगांचा जीव भांड्यात पडला. “मग तुमचंच घेतो!”

“घ्या की. पण आमचं नाव आम्ही कधीच विकलं, राव. आता त्या पोत्यात कुणाचं भरतात, देव जाणे.”

गी-दोंगांनी मान वर केली तेव्हा फळी रिकामी होती. किमची घालायचे दिवस, गावभरच्या बायांनी मीठ उचलून नेलं होतं.

घरी आले, तर दोघी बहिणी कोबीला मीठ चोळत बसलेल्या.

“शेजारणीकडून आणलं,” म्योंग-ओक वर न बघता म्हणाली.

“कुठलं?”

“डब्यातलं.”

गी-दोंगांचा बांध फुटला. “दुपारभर शोधतोय मी! एका माणसाला जनावरासारखं राबवलं, आणि आपल्या ताटात त्याचं मीठ आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही! कुणाला म्हणजे कुणालाच!”

म्योंग-ओकचा हात थांबला. थोरली तेवढी थांबली नाही. एकेक पान उचलून देठाशी चिमूट टाकायची, आणि लेकराला पांघरूण घालावं तसं पान मिटायची.

“जावईबापू,” ती म्हणाली, “त्याला आता कुणी जेवायला वाढतं का हो?”

“ते बातमीत नव्हतं.”

“हं.” तिने आणखी एक पान मिटलं. “बरं, असे इकडे या. माझे दोन्ही हात मिठाचे आहेत. जरा नाक खाजवा.”