डावं-उजवं

वसुधाताईंना सुरी चालवता येत नाही, हे तोंडावर बोलायला कुणी धजत नसे, पण दिसत सगळ्यांना होतं. विळीवर बसल्या की मेथी काय न् फणस काय, फडशा पाडायच्या. विळीला दोन्ही हात सारखेच. पण मेल्या गुडघ्यांनी दगा दिला, डॉक्टरनं खाली बसायला बंदी केली, विळी माळ्यावर गेली आणि साठीत ओट्याशी उभं राहून सुरी धरायची पाळी आली. पुन्हा एकदा बोट कापलं तेव्हा मुलानं, सिद्धेशनं, जाहीर केलं की सोमवारपासून स्वयंपाकाला बाई येईल. झालं! नवरा गेल्यापासून लखनऊच्या महानगर वस्तीतल्या त्या घरात आपलं म्हणावं असं त्यांना ते स्वयंपाकघरच तर उरलं होतं.

रविवारी सून निशातगंजच्या बाजारात सुरी आणायला निघाली. मैत्रेयी लखनऊतच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. त्यात डावखुरी. घरातली दातेरी सुरी तिच्या हातात तिरकी पळायची, ब्रेडची पाचर व्हायची. ताई कुरकुरत सोबत गेल्या. दुकानात पोरगी एकेक सुरी उजेडात धरून बघत बसली. धारेचा उतार एकाच बाजूला असतो, डाव्या हातात धरल्यावर तो बाहेरच्या अंगाला यायला हवा म्हणे. सुरीलाही डावं-उजवं असतं, हे ताईंना नवीनच होतं. नसते नखरे, असं त्या मनात म्हणाल्या.

घरी येताच सुनेचं खूळ उतरवायला त्यांनी काकडी पुढे ओढली. सुरी डाव्या हाताची, म्हणून डाव्या हातात धरली. काकडी सरसर उतरली. पातळ, एकसारख्या चकत्या. ताई थबकल्या. मग साधी सुरी डाव्या हातात घेऊन बटाटा कापला, भोपळा कापला. हात कुठे अडेचना.

"आई, आप तो लेफ्टी हैं," मैत्रेयी हळूच म्हणाली.

काहीतरीच काय, असं म्हणत ताईंनी मिरजेला थोरल्या भावाला, सदाशिवला, फोन लावला. मी लहानपणी डावखुरी होते का रे, एवढंच विचारलं. त्यानं उलट त्यांनाच विचारलं.

"तुला खरंच आठवत नाही? आई जुन्या पातळाच्या पट्टीनं तुझा डावा हात पाठीशी बांधून ठेवायची. पार शाळेत घालेपर्यंत. फार रडायचीस गं."

ताई तिथेच फरशीवर बसल्या, डॉक्टरची बंदी विसरून. अक्षर वाकडं, रांगोळी वाकडी, आणि आई चारचौघांत म्हणायची, हिच्या हाताला वळणच नाही. जन्मभर ते खरं मानलं त्यांनी. आपल्याच आईनं बांधला हात, आणि आपल्याला पत्ताही नाही!

मैत्रेयीनं आधी त्या स्वयंपाकाच्या बाईला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, मग शेजारी येऊन बसली. सासू हसतेय की रडतेय, तिला कळेना.

"आणि आई सगळ्या गल्लीला सांगायची," ताई डाव्या मनगटावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझ्या पोरांत मी कधी डावं-उजवं केलं नाही."