एर्मेलिंदाच्या हातचा तुंबा

मी एक तुंबा बोलतोय. तुमच्याकडे बैरागी घेऊन फिरतात त्या तुंब्याच्याच कुळातला, पण आकाराने मुठीएवढा, आणि वैराग्याशी माझा काडीचाही संबंध नाही. माझ्या पोटात माते असतो. येर्बाची कडू पानं भरायची, गरम पाणी ओतायचं, धातूच्या नळीने ओढायचं, की पुन्हा पाणी घालून पुढच्याच्या हातात. तुंबा एक, नळी एक आणि तोंडं दहा. उष्टं-बिष्टं आमच्याकडे कुणी मानत नाही.

माझा जन्म गोया गावाजवळच्या एका परसातल्या वेलावर झाला. मी वाळलो तेव्हा एका म्हाताऱ्याने माझं डोकं उडवलं, पोट खरवडलं आणि तोंडाला पत्र्याची कड बसवली. बाजारात एर्मेलिंदाने मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, "हा टिकेल." त्याला एकतीस वर्षं झाली. तिचा शब्द मी खाली पडू दिलेला नाही.

एर्मेलिंदा शाळेतल्या पोरांचे पांढरे डगले शिवायची. शिलाई मशीनच्या फळीवर माझी जागा. नवरा आन्सेल्मो, शेजारीण, गिऱ्हाईक, जो कुणी येईल त्याला तिच्या हातचा माते मिळायचा. पण पाणी ओतणार ती. दुसऱ्या कुणी थर्मासला हात लावला तर नुसत्या डोळ्यांनी तो खाली ठेवायला लावायची. आमच्यात ओतणाऱ्याचा मान मोठा असतो. पहिला, सगळ्यांत कडू माते तो स्वतः पितो आणि मग इतरांना देतो.

आन्सेल्मो गेला. दोन वर्षांनी तिचा उजवा हात थरथरू लागला. आधी सुई सुटली, मग कात्री. ब्युनोस आयर्सला राहणारी लेक नोर्मा रोज फोनवर एकच टकळी लावायची, की एकटी राहू नकोस, कायमची माझ्याकडे ये. नोर्मा वाईट नाही हो. काळजी करणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत.

शेवटी दोघींचं जमलं ते एका सहलीवर. एर्मेलिंदाचा जन्म पाराना नदीच्या काठी गेला. ते पाणी वर कुठून उडी मारून येतं ते तिला एकदा बघायचं होतं. आधी इग्वासूचे धबधबे, मग आठ दिवस ब्युनोस आयर्स, असं ठरलं. त्यावर एर्मेलिंदाने आपणहून पैज लावली.

"सहलभर माते मी ओतणार. हात भाजला तर तुझ्याकडे राहीन. नाही भाजला तर मला गोयाच्या गाडीत बसवून द्यायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"आई, तू म्हणजे खेचर आहेस," नोर्मा म्हणाली. पण कबूल झाली.

धबधब्यांकडे जाताना पाण्यावरून लांबलचक पूल आहे. एर्मेलिंदा कठडा धरून चालली. लेकीचा हात तिने धरला नाही. मी तिच्या पिशवीत होतो. सैतानाचा घसा म्हणतात त्या कड्यापाशी सगळे ओरडत होते, फोटो काढत होते, चिंब होत होते. ती मात्र कठड्यावरून वाकून खालचं पाणी बघत होती. मग म्हणाली, "इथे एवढा थयथयाट, आणि आमच्या दारात येईपर्यंत किती शहाणं होतं बघ."

घात झाला तो परत आल्यावर, बाकांपाशी. तोवर तिने सात माते ओतले होते, एक थेंबही सांडला नव्हता. आठवा ओतताना एका कोआटीने टेबलावर उडी घेतली. लांब नाकाचा, उभ्या शेपटीचा हा चोरटा प्राणी तिथे झुंडीने फिरतो. त्याने चीझ घातलेल्या चिपा-पावांची पिशवी पळवली, मी गडगडत बाकाखाली गेलो आणि थर्मास तिच्या मनगटावर कलंडला. तिने बाही खाली ओढली, पण कातडी लाल झाली ती झाली.

एर्मेलिंदाचं म्हणणं, हात थरथरला नाही, कोआटी आला. नोर्मा म्हणाली, "आज कोआटी, उद्या गोयात मांजर उडी मारेल. तेव्हा तुझ्याजवळ कोण असेल, आई?" एर्मेलिंदाने थर्मासचं झाकण लावलं आणि तो लेकीपुढे सरकवला. तिने आपणहून थर्मास दुसऱ्याच्या हाती दिलेला मी कधी पाहिला नव्हता. मला ते अजिबात आवडलं नाही.

नोर्माने मला ओल्या पानांसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली, आणि शहरातल्या घरी नेऊन कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर टाकलं. ऑफिसातल्या कॉफीवर जगणारी पोर ती. ओला तुंबा बांधून ठेवू नये, एवढंही विसरली. तीन दिवसांत माझ्या पोटात पांढरी-हिरवी बुरशी आली. मरण कसं येतं ते मी त्या पिशवीत पाहिलं.

सकाळी नोर्मा कामावर जायची आणि दुपारनंतर आईला शहर दाखवायची. ओबेलिस्कचा उंच दगडी खांब झाला, चौकातला टँगो नाच झाला, रेकोलेताचं कबरस्तान झालं. संध्याकाळी मला कपाटातून ऐकू यायचं. एर्मेलिंदा सगळ्यालाच छान म्हणायची. तिचं ते 'छान' मी ओळखतो. डगला तोकडा झाला की गिऱ्हाइकालाही ती असंच छान म्हणायची.

चौथ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. तिने झाडूच्या दांड्याने पिशवी ओढली आणि मी धाडकन फरशीवर आलो. गाठ सोडून तिने आत पाहिलं आणि लेकीला अशी एक शिवी हासडली, की ती इथे सांगण्यासारखी नाही. मग चमच्याने मला खरवडलं, उकळत्या पाण्याने विसळलं आणि गॅलरीत उन्हाला ठेवलं. तिथून मला स्वयंपाकघरातलं सगळं दिसत होतं. ती डाव्या हातात थर्मास धरून औषधाच्या इवल्या पेल्यात गार पाणी ओतत होती. सांडलं की पुसायची आणि पुन्हा ओतायची. रोज सकाळी, चार दिवस. मला तिचा असा अभिमान वाटला, की तोंडाची कड निखळेल की काय वाटलं.

शेवटच्या दुपारी नोर्मा तिला नदीकाठच्या बागेत घेऊन गेली. एर्मेलिंदाने पिशवीतून मला काढलं, थर्मास काढला. नोर्माचा चेहरा कडक झाला. पैज तू हरलीस, असं ती म्हणाली.

"हरले," एर्मेलिंदा म्हणाली. "पण माझं घर मी पैजेवर लावायलाच नको होतं. तेवढं माझं चुकलं. मी उद्या गोयाला जातेय, पोरी. तुला विचारत नाहीये, सांगतेय."

पहिला माते तिने डाव्या हाताने ओतला आणि स्वतः प्यायली. दुसराही तसाच, हळूहळू भरत आणला आणि शेवटी थोडं पाणी टेबलावर सांडलं. तिने फडकं काढून ते पुसलं.

"सांडलं, पुसलं. एवढ्यासाठी कुणी आपलं घर सोडतं का?"

आणि मला लेकीपुढे धरलं.

नोर्मा माते प्यायली. आमच्याकडे माते परत देताना 'धन्यवाद' म्हटलं, की त्याचा अर्थ बस, आता नको. मग ओतणारा पुन्हा विचारत नाही. मी नोर्माच्या हातात होतो, आणि आता त्या एका शब्दाचीच वाट बघायची होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने मला आईच्या डाव्या हातात परत दिलं.

"अजून एक दे," ती म्हणाली.

आज मी गोयात आहे, मशीनच्या त्याच फळीवर. पोटात बुरशीचा एक काळा डाग कायमचा राहिलाय, कड थोडी हलते. नोर्मा रोज फोन करते आणि आज किती सांडलं ते विचारते. एर्मेलिंदा खरं तेच सांगते. कधी थोडं, कधी बरंच.

माझं आता वय झालं. एखाद्या दिवशी तडा जाईल आणि संपेन, त्याची तक्रार नाही. तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर जवळ फडकं ठेवा. थर्मास काढून घेऊ नका.