मेर्वीबद्दल चार चांगले शब्द

आमच्याकडे माणसं काढायची झाली तर साहेबाची मर्जी चालत नाही, यादी चालते. जो शेवटी लागला तो आधी जातो. त्यामुळे एस्किल्स्टुना गावातल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात, ऑर्डरी घेणाऱ्या आम्हा नऊ जणांना एकमेकांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण कोण कुठल्या तारखेला कामाला लागलं ते तोंडपाठ असतं.

जानेवारीत नोटीस लागली. ऑर्डर खात्यातल्या पाच जागा जाणार. खालून मोजलं तर मी पाचवी. माझ्या लगेच वर मेर्वी. ती माझ्याआधी फक्त तीन आठवडे लागलेली. एकवीस वर्षं आम्ही टेबलाला टेबल लावून बसतोय आणि त्या तीन आठवड्यांचं मला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. मेर्वी आपणहून गेली तर खालचे चारच जाणार होते आणि मी राहणार होते.

मी आधी स्वतःसाठीच हातपाय मारले, तेही सांगते. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, घर माझ्या पगारावर चाललेलं. चौदा अर्ज केले. अकरा ठिकाणांहून उत्तर नाही, तीन ठिकाणांहून 'यावेळी अर्ज फारच आले' अशी गोड पत्रं. त्रेपन्नाव्या वर्षी बाई सगळ्यांना अनुभवी वाटते आणि कोणालाच नको असते.

मग ती जाहिरात दिसली. जवळच्या वेस्टेरोस शहरातली एक कंपनी, काम अगदी आमचंच, पण माणूस फिनिश बोलणारं हवं. मेर्वीची आई फिनलंडची. मला फिनिशमध्ये शिव्यांपलीकडे काही येत नाही. दहाच्या कॉफीला मी जाहिरातीचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"अगं, मी कशाला जाऊ?" मेर्वी म्हणाली. "मी तर वाचलेय."

"आत्तापुरती. टोर्ब्योर्न म्हणत होता, उन्हाळ्यानंतर सगळं खातंच पोलंडला हलवणार आहेत."

टोर्ब्योर्न आमच्या युनियनचा. तो असं काही म्हणाला नव्हता. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मलाही कळलं नाही, पण निघालं ते चांगलं ठासून निघालं.

"खरंच?"

"कोणाला बोलू नकोस हं, त्याची पंचाईत होईल."

"पण तिथं पहिले सहा महिने कच्च्यावर. नको झाले तर कारण न देता घालवतील."

"तुला घालवायला त्यांना वेड लागलंय का?"

ती हसली. "इंगेला, तू माझी आई असतीस ना, तर आज मी डॉक्टर झाले असते."

अर्ज मीच लिहिला, कारण स्वतःची स्तुती करायची म्हटली की ही लाजते. मुलाखतीची तालीमही मीच घेतली, रोज जेवणाच्या सुट्टीत. बाकीचे म्हणायचे, मैत्रीण असावी तर अशी. आणि चौकशी कोणाकडे करायची, त्या रकान्यात मेर्वीनं माझं नाव दिलं.

फोन आला तेव्हा मी जिन्यात जाऊन उभी राहिले. पलीकडची बाई सावकाश लिहून घेत होती. मी सांगितलं, चिडलेलं गिऱ्हाईक मेर्वीकडे द्यावं आणि आपण निवांत कॉफी प्यावी. शब्द दिला की पाळते. आपली चूक दुसऱ्याच्या माथी कधी मारत नाही.

"मग एकवीस वर्षांची पक्की जागा ती आत्ता का सोडतेय?"

"तिला काहीतरी नवीन करायचंय," मी म्हणाले.

"आणि ती गेली तर तुम्हाला?"

"मला फार जड जाईल."

मेर्वीला ती नोकरी मिळाली. शुक्रवारी तिनं राजीनाम्यावर सही केली. पुढच्या बुधवारी टोर्ब्योर्न खात्यात आला आणि म्हणाला, नॉर्वेची मोठी ऑर्डर मिळालीय, पाच नाही, तीनच जागा जाणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मेर्वी इथेच राहिली असती तरी मी वाचले असते, हे टाळ्या वाजवतानाच डोक्यात आलं आणि हात थांबले.

ती राजीनामा परत घ्यायला साहेबाकडे गेली. एक माणूस फुकटात कमी झालेलं कोण सोडतं? सही झाली ती झाली, तो म्हणाला. तिथून ती टोर्ब्योर्नकडे गेली आणि मग माझ्याकडे, कॉफीच्या खोलीत. मी कप विसळत होते.

"पोलंडचं त्याला काहीच माहीत नाही," ती म्हणाली.

"मला कोणीतरी..."

"इंगेला."

मी नळ बंद केला.

"मी गेले की खालचे चार जाणार होते," ती म्हणाली. "तू पाचवी."

"हो."

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

तिनं खरंच विचार केला. मेर्वीचं हे असंच आहे, विचारलेल्या प्रश्नाचं ती उत्तर देते.

"नसते गेले," ती म्हणाली. "पण तुझ्याजवळ बसून तुझ्यासाठी शोधलं असतं काहीतरी."

मला रडू आलं आणि रडण्याचीच लाज वाटली. तिनं मला रुमाल दिला नाही, जवळही आली नाही. दाराशी जाऊन थांबली.

"त्या बाईंनी मला फोनवर वाचून दाखवलं, तू माझ्याबद्दल काय काय सांगितलंस ते. इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कोणीच बोललेलं नाही." मग तिनं विचारलं, "त्यातलं काही खरं होतं का?"

"सगळं खरं होतं," मी म्हणाले. "एकूण एक शब्द."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला विश्वास ठेवायचा होता, मला ते दिसत होतं. पण तिला ते जमलं नाही.