दोन अक्षरांचं उत्तर

सकाळी साडेसातला बाबांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि लिहिण्याचा प्रोग्राम उघडला नाही. प्रोग्रामच्या नावाची निळी पाटी पडद्याच्या मधोमध आली, थोडी थांबली आणि निघून गेली. बाबांनी डाव्या हाताने पुन्हा माउस दाबला. पाटी आली, गेली. मग त्यांनी टेबलावर थाप मारली. त्या घरात थाप म्हणजे हाक होती.

मुलगी ओल्या केसांतला कंगवा तसाच ठेवून बाहेर आली. ती हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांना कुठला विभाग कुठल्या मजल्यावर ते सांगायचं आणि घरी येऊन बाबांना काय हवंय ते ओळखायचं, असं गेल्या वर्षापासून चाललं होतं. आज तिने रजा टाकली होती, कारण बारापर्यंत बाबांचं उत्तर सर्जनबाईंकडे पोचवायचं होतं.

प्रश्न ऑपरेशनचा होता. पहिल्या झटक्यात बाबांची उजवी बाजू आणि वाचा गेली. मानेतली एक रक्तवाहिनी अजून तुंबलेलीच होती. ती साफ केली तर दुसरा झटका टळेल, पण साफ करतानाच तो येऊही शकतो. सर्जनबाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि बजावलं, की घरच्यांचं मत नको, त्यांचं स्वतःचं म्हणणं लिहून आणा. मान हलवलेली चालणार नाही. ते बरोबरच होतं. चहा हवा का विचारलं तरी बाबा मान हलवायचे, नको का विचारलं तरी तशीच हलवायचे, आणि मग स्वतःवरच चिडायचे.

बाबांचं बोलणं उरलं होतं ते त्या जुन्या प्रोग्राममध्ये. कोर्टात लघुलेखक असताना त्यांनी त्यात शेकडो आखूड खुणा भरून ठेवल्या होत्या. दोन अक्षरं टाइप करायची, एक कळ दाबायची, की अख्खं वाक्य उमटायचं. झटक्यानंतर एकेक अक्षर जुळवून शब्द लिहायला गेले की अक्षरं एकमेकांत गुंतायची, पण खुणा बोटांत पक्क्या बसल्या होत्या. घरासाठी त्यांनी हळूहळू नव्या खुणा केल्या आणि गरजेला कोर्टातल्याही वापरल्या. त्यामुळे आईला सकाळी पडद्यावर वाचायला मिळायचं, "अर्जदाराचे म्हणणे असे की चहा गार आहे." आई म्हणायची, "अहो, अर्ज मंजूर, पण कप आधी इकडे द्या."

मुलीने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पाटी आली, गेली. गल्लीच्या टोकाला दुरुस्तीवाल्याचं दुकान होतं; ते दहाला उघडायचं. तिने त्याच्या मोबाइलवर फोन लावला. त्याने मॉडेल विचारलं. मग म्हणाला, "ताई, तुमचा कॉम्प्युटर आणि तो प्रोग्राम दोघंही कधीच रिटायर व्हायला हवे होते. त्यांना पळायला नका लावू."

"पळायला नको. एक ओळ लिहायची आहे."

त्याने कंट्रोलची कळ दाबून धरून प्रोग्राम उघडायला सांगितला. तसा तो उघडला, अर्धी बटणं झोपलेली, पण उघडला. मग प्रोग्राम ठीक आहे, टेम्प्लेटची फाइल खराब झाली असणार, असं निदान दुरुस्तीवाल्याने केलं. ती उडवली की प्रोग्राम आपोआप नवी करतो. त्यात काय असतं, असं तिने विचारलं. "काही नसतं हो. कोरा कागद. समास, अक्षराचा आकार, एवढंच. रोज दोनदा तरी उडवतो मी." फाइल कुठे सापडेल तेही त्याने सांगितलं. पुसायच्या बटणावर तिचं बोट धजावलं नाही, म्हणून तिने फाइलचं नुसतं नाव बदललं. प्रोग्राम दिमाखात उघडला.

"उघडला बाबा, या," म्हणून तिने खुर्ची ओढून दिली. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, झालं का एकदाचं? झालं, असं मुलगी म्हणाली.

बाबांनी दोन अक्षरं टाइप केली. थ, व. कळ दाबली. पडद्यावर थव एवढंच राहिलं. त्यांनी पुन्हा कळ दाबली. मग दुसरी खूण करून पाहिली, मग तिसरी, चहाची. तीही उमटली नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. हात मांडीवर घेतला आणि बसून राहिले.

खुणा त्याच टेम्प्लेटच्या फाइलमध्ये साठतात हे तिला तेव्हा समजलं. तिने जुन्या फाइलला जुनं नाव परत दिलं. पाटी आली, गेली. पुन्हा नवं नाव दिलं, प्रोग्राम उघडला, कोरा.

आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. काल काय केलं होतं, असं मुलीने विचारलं तेव्हा आईने सगळं सांगितलं. काल संध्याकाळभर ते एकटेच बसले होते. एकेक अक्षर खोडत, पुन्हा लिहीत. ती वाचायला वाकली तर पडद्यावर हात धरला. शेवटी चेहरा मोकळा झाला. बंद करताना चौकट आली, जतन करू का असं काहीतरी विचारणारी. "त्यांनी कळ दाबली आणि मी भिंतीवरचं बटण. रोजच्यासारखंच." खोलीतून शेवटचा निघेल त्याने भिंतीवरचं बटण बंद करायचं, हा नियम बाबांचाच होता आणि लग्न झाल्यापासून आईने तो एकदाही चुकवला नव्हता.

"उत्तर लिहून वेगळी फाइल का नाही केली त्यांनी?" मुलगी म्हणाली.

"अगं, आयुष्यात कधी केलीय? जे चुकायला नको त्याची खूण करून ठेवायची, हीच त्यांची पद्धत. सकाळी हात चळला तर, म्हणून." आई पलंगाच्या कडेवर बसली. "जतन होईपर्यंत तरी थांबायचं. मी तरी किती घाई केली."

"तू नेहमीचंच केलंस."

"तेच तर."

दहा वाजून गेल्यावर दुरुस्तीवाला आला. फोनवरचा थाट त्याने घरी आणला नाही. त्याने जुनी फाइल दुसऱ्या साध्या प्रोग्राममध्ये उघडली. पडद्यावर चौकोनांचा आणि प्रश्नचिन्हांचा पसारा पडला, आणि त्यात मधे मधे शाबूत ओळी होत्या: सुनावणी तहकूब, साक्षीदार गैरहजर, आरोपीस हे मान्य नाही. म्हणजे सुरुवातीच्या, कोर्टातल्या. मधल्या टप्प्यापासून पुढे काहीच वाचता येत नव्हतं. बाबा प्रत्येक ओळीवरून नजर फिरवत होते. फाइल पेन ड्राइव्हवर घेत तो म्हणाला, दुकानात अशा फाइली सोडवायचं एक साधन आहे, बघतो, पण शब्द देत नाही. "कोरा कागद म्हटलं मी, ताई," एवढं म्हणून त्याने चप्पल घातली.

तो गेल्यावर आईने बाबांना अक्षरं जुळवून लिहायला सांगितलं. त्यांनी 'म' काढला, मग 'मम', मग खोडलं. मुलीने विचारलं, ऑपरेशन करायचंय? त्यांनी मान हलवली. नाही करायचं? मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. मग डोळे उघडून त्यांनी पुन्हा तीच दोन अक्षरं टाइप केली, सावकाश, आणि कळ दाबून खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या बाजूने काम झालं होतं. थव म्हणजे काय, ते आईला ठाऊक नव्हतं. तिने आजवर उमटलेली वाक्यंच वाचली होती, त्यामागची अक्षरं कधी पाहिली नव्हती.

बाराला सर्जनबाईंच्या सहायकाचा फोन आला. पेशंट काय म्हणतात, असं त्याने विचारलं.

"उत्तर दिलंय त्यांनी," मुलगी म्हणाली. "आम्हाला अजून वाचता येत नाहीये."

त्याने सांगितलं, बाई चारपर्यंत ऑपरेशनमध्ये आहेत, तोवर वॉर्डातला पलंग राखून ठेवतो, त्यापुढे नाही. तिने बरं म्हटलं. आईने तिघांची ताटं वाढली. बाबा टेबलावरून उठायला तयार नव्हते, म्हणून त्यांचं ताट कीबोर्डशेजारी ठेवलं. दोनच्या सुमाराला मुलीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, साधन फाइल वाचतंय, पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आलीय, ताई, तिथेच थांबलीय, पण बंद पडलेली नाही.